रोज किती घेता? दारूच्या उपचारांपर्यंत पोचतानाची माझी हकिगत

१५ जानेवारीच्या सकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत न्यायला चुकून माझी स्टीलची बाटली उचलली. आमच्या दोघींच्या बाटल्या अगदी सारख्या. ओळखू यावी म्हणून माझ्या बाटलीच्या गळ्याला मी लाल रबरबँड गुंडाळलं होतं. तिने दारातच एक घोट घेतला, धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकला, चूळ भरली आणि झाकण नीट लावून बाटली मला आणून दिली. “आई, तुझं पाणी खराब झालंय,” म्हणाली आणि गेली. बाटलीत व्होडका होती. तिला काय कळलं आणि काय नाही, ते मला पुढे तीन आठवड्यांनी समजलं.

त्याच दिवशी मी उपचार घ्यायचं ठरवलं, असं लिहायला आवडलं असतं. पण त्या दिवशी मी बाटली धुतली आणि अकरा वाजता पुन्हा भरली. ठरायला आणखी तीन दिवस गेले. त्यानंतरही जिथे जिथे थांबावं लागलं तिथे तिथे ते नव्याने ठरवावं लागलं. या थांबण्याबद्दल मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे.

आधी नोव्हेंबरबद्दल सांगते, कारण तिथे मी एक धोकादायक गोष्ट केली होती. कुणालाही न सांगता मी दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात इतके थरथरायला लागले की किल्ली कुलपात जाईना. कपडे घामाने भिजत होते, छातीत धडधड होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि पहाटे सतत नळ वाहतोय असं ऐकू येत होतं. तीनदा उठून पाहिलं, नळ बंद होता. शेवटी घेतली, आणि वीस मिनिटांत सगळं शांत झालं. आपल्यात इच्छाशक्तीच नाही असं मी त्या दिवशी मनात पक्कं केलं.

तसं नसतं, हे मला जानेवारीत डॉक्टरांनी समजावलं. दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या ब्रेकशी जुळवून घेतो आणि स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. मग दारू अचानक काढून घेतली की वाढलेला वेग तेवढा उरतो. थरथर साधारण ६ ते १२ तासांत सुरू होते. फिट यायचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, वेळ-जागेचं भान जातं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. तुम्ही रोज पीत असाल, सकाळी हात स्थिर करायला घ्यावी लागत असेल, तर कृपा करून घरी एकट्याने एकदम थांबू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

डिसेंबरमध्ये मी झोप येत नाही म्हणून एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी सहज विचारलं, “ड्रिंक्स वगैरे घेता?” मी म्हणाले, “कधीतरी, पार्टीला.” त्यांनी मान हलवली, कामाचा ताण असेल म्हणाले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दारूबरोबर त्या गोळ्या घेणं किती घातक आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मी खरं बोलले असते तर कदाचित सांगितलं असतं. बाईला हा प्रश्न दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

१५ ते १८ जानेवारी या तीन रात्री मी मोबाईलवर वाचत बसले. चार प्रश्नांची एक जुनी चाचणी सापडली. पिणं कमी करावं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली आहे का? दोन ‘हो’ आले तरी तज्ज्ञाला भेटावं, असं खाली लिहिलं होतं. माझे चारही ‘हो’ होते. चौथ्याला तर मी हातात बाटली घेऊनच ‘हो’ म्हणाले.

१७ तारखेला रात्री ताईला फोन केला. काय बोलायचं ते आठवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, “ताई, मला दारू सुटत नाहीये.” पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “उद्या किती वाजता येऊ?”

दुसऱ्या दिवशी ताई शेजारी बसली आणि मी एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज साधा होता, त्यात दया नव्हती आणि दटावणीही नव्हती. वय, वजन, इतर आजार, चालू औषधं, आधी कधी फिट आली का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का, असं त्या एकेक विचारत गेल्या. मग म्हणाल्या, “रोज किती घेता?”

“दोन पेग. कधी तीन.”

“छोटे की मोठे?”

ग्लासात किती ओतते हे मी गेल्या दोन वर्षांत मोजलंच नव्हतं. “मोठे,” म्हणाले. ताई माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिली.

फोन करणार असाल तर या उत्तरांचा कागद आधीच लिहून जवळ ठेवा. औषधांची नावं पाकिटावरून उतरवून घ्या. बरोबर कुणी बसलेलं असेल तर उत्तम, कारण निम्म्या सूचना माझ्या डोक्यात शिरल्याच नाहीत, त्या ताईने लिहून घेतल्या. आणि गुप्ततेबद्दल स्पष्ट विचारा. मी विचारलं की माझ्या ऑफिसला कळेल का. माझ्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही माहिती दिली जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते पाळलंही.

तपासणीची तारीख मिळाली २९ जानेवारी. अकरा दिवस. मला वाटलं होतं की मी ‘हो’ म्हटलं की लगेच आत घेतील. तोपर्यंत काय करायचं, तर उलट सूचना आली: एकदम बंद करू नका. आहे तेवढ्यावर राहा, वाढवू नका, झोपेच्या गोळ्या बंद, वाहन चालवू नका, वेळेवर जेवा, आणि रोज किती घेतली ते वहीत लिहा. फिट आली, भ्रम झाला किंवा रक्ताची उलटी झाली तर आमची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा, असंही बजावलं. दारू सोडायची ठरवल्यावर अकरा दिवस दारू मोजून प्यायची, हे मला फार अवघड गेलं. पण त्या वहीमुळेच मला माझा खरा आकडा दिसला. मी औषधाच्या मापाच्या भांड्याने मोजत होते. पहिल्या दिवशी बेरीज केली तेव्हा चूक झाली असेल वाटून पुन्हा केली. ३७५ मिली. म्हणजे अर्धी बाटली.

२९ तारखेला आम्ही पावणेदहाला पोचलो, नंबर साडेअकराला लागला. समोर बसलेल्या एका आजोबांचे हात माझ्यासारखेच मांडीखाली दाबलेले होते. आत बोलावलं तेव्हा ताई म्हणाली, “मी बाहेर बसू का?” मी क्षणभर ‘हो’ म्हणणार होते, कारण ती बाहेर असती तर मला पुन्हा दोन पेग म्हणता आले असते. “नको, आत ये,” म्हणाले.

दहा प्रश्नांचा एक फॉर्म होता, ऑडिट नावाचा, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला. प्रत्येक उत्तराला गुण, एकूण ४०. दुसरा प्रश्न असा की पिण्याच्या दिवशी साधारण किती ड्रिंक्स होतात, आणि शेवटचा चौकोन होता ‘१० किंवा जास्त’. समुपदेशक ताईंनी पेन्सिलने कागदाच्या कडेला हिशेब करून दाखवला. ३७५ मिली, ४० टक्के, म्हणजे १५० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ११८ ग्रॅम. एका ड्रिंकमध्ये १० ग्रॅम धरलं तर जवळजवळ बारा. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. शेवटच्या चौकोनात खूण मी स्वतः केली. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुलाखत संपेपर्यंत काढला नाही.

माझे गुण २९ आले. वीस किंवा त्याहून जास्त असतील तर दारूवरचं अवलंबित्व असण्याची शक्यता बरीच असते. आश्चर्य म्हणजे तो आकडा ऐकून मला हलकं वाटलं. त्याला एक नाव होतं, फॉर्म होता, ठरलेले उपचार होते. इतके दिवस मी त्याला फक्त माझा वाईटपणा म्हणत होते.

मग डॉक्टरांनी तपासलं आणि रक्त घेतलं. यकृताच्या तपासणीत जीजीटी नावाचं एन्झाइम खूप वाढलेलं, एसजीओटी हे एन्झाइम एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, रक्तातल्या लाल पेशींचा आकार मोठा, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. या सगळ्या दारूच्या खुणा. डॉक्टर म्हणाले, दारू पूर्ण थांबली तर या टप्प्यावरचं यकृत बरंच सावरतं. त्याच दिवशी बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या. सतत पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ संपत जातं आणि त्याने मेंदूला, स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते, हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी राहून गोळ्यांनी दारू सोडवणंही शक्य असतं. पण नोव्हेंबरमधलं ते नळाचं ऐकू येणं सांगितल्यावर डॉक्टरांनी भरतीच व्हायला सांगितलं. बेड १० फेब्रुवारीला मिळणार होता. पुन्हा बारा दिवस.

खर्चाचंही सांगते, कारण मला तो विचारायला लाज वाटली होती. तपासण्या, चार आठवड्यांची भरती आणि औषधं मिळून माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा झाला. भरतीचा आकडा लेखी घ्या आणि त्यात रक्ततपासण्या, औषधं, नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते विचारा. माझ्यात औषधं धरलेली नव्हती. विम्याची पॉलिसी आधी वाचा, व्यसनाचे उपचार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात, माझ्याही होते. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हेच उपचार पुष्कळ कमी खर्चात होऊ शकतात, पैशांसाठी अडून राहू नका. रजेसाठी डॉक्टरांनी फक्त ‘रुग्णालयात भरती होऊन उपचार आवश्यक’ एवढंच लिहून दिलं. आजाराचं नाव लिहू नका, अशी विनंती मी केली होती.

हे बारा दिवस सगळ्यांत वाईट गेले. ४ फेब्रुवारीला मी भरती रद्द करायला फोन केला. वहीप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली थोडी थोडी कपात जमत होती, म्हणजे आपल्याला आत जायची गरज नाही, असं मी स्वतःला पटवलं होतं. पलीकडे त्याच बाई होत्या. म्हणाल्या, “बेड तुमच्या नावावर आहे. १० तारखेला दुपारी बारापर्यंत आला नाहीत तर पुढच्या पेशंटला देऊ. आज काहीच ठरवू नका.” मी फोन ठेवला. त्यांनी वाद घातला असता तर मी नक्की रद्द केलं असतं.

नवऱ्याला ताईने नाही, मीच सांगितलं. त्याला माहीत होतं. तो रिकाम्या बाटल्या मोजायचा आणि बोलायचा नाही, मी चिडेन म्हणून. “मी विचारायला हवं होतं,” म्हणत राहिला. विचारलं असतंस तर मी खोटंच बोलले असते, हे मी त्याला सांगितलं.

मुलीला काय सांगायचं ते समुपदेशक ताईंनी सुचवलं होतं: थोडक्यात, खरं, आणि तिच्यामुळे नाही हे स्पष्ट. ८ फेब्रुवारीला रात्री तिच्या अंथरुणावर बसून म्हणाले, “मला एक आजार झालाय. त्यासाठी चार आठवडे दवाखान्यात राहायचंय. तो तुझ्यामुळे किंवा बाबांमुळे झालेला नाही.”

“त्या पाण्यामुळे?” तिने विचारलं.

“हो.”

“मग मी रबरवाली बाटली उचलायचे नाही, ते बरोबर होतं ना?” ती कितीतरी महिने ती बाटली टाळत होती. १५ तारखेला झोपेत होती म्हणून चुकली.

९ फेब्रुवारीला रात्री साडेदहाला शेवटची घेतली. दुसऱ्या दिवशी नऊला दाखल झाले. स्वेच्छेने भरती होत असल्याच्या कागदावर सही करताना माझी सही मलाच ओळखू आली नाही, इतका हात हलत होता. सामान तपासलं. परफ्यूम, माउथवॉश आणि सॅनिटायझर काढून घेतलं, तिन्हींत अल्कोहोल असतं. हे घरीच ठेवून जा. मोबाईल तीन दिवसांसाठी जमा केला. नेलेली साधी वही-पेन मात्र फार उपयोगी पडली.

सिस्टरनी विचारलं, “शेवटची कधी, किती?” वेळ आणि मिली दोन्ही सांगितले. आता ते तोंडातून सरळ येत होतं.

पहिले चार दिवस दर काही तासांनी त्या यायच्या आणि म्हणायच्या, “हात पुढे, बोटं पसरा.” थरथर बघायच्या, तळहात घामेजलाय का ते बघायच्या. मळमळ, डोकेदुखी, अंगावर काही चालल्यासारखं वाटतंय का, कसले आवाज येतायत का, आज वार कोणता. दहा गोष्टींना गुण द्यायच्या आणि बेरजेवरून गोळीचा डोस ठरायचा. क्लोरडायझेपॉक्साइड नावाची गोळी होती. आधी जास्त, मग रोज कमी करत सातव्या दिवशी बंद. बी-१ ची इंजेक्शनं चालू होती. पहिल्या रात्री माझे गुण १९ होते. दुसऱ्या रात्री पुन्हा नळ ऐकू आला. मी सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, डोस वाढवला, आणि त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. नोव्हेंबरमध्ये मी याच जागी एकटी होते. पाचव्या दिवशी सकाळी बोटं पसरली तेव्हा ती जवळजवळ स्थिर होती. मी ती बराच वेळ तशीच धरून बसले.

शरीरातून दारू उतरली म्हणजे उपचार झाले असं मला वाटलं होतं. खरं काम नंतर सुरू होतं. उरलेले तीन आठवडे गटचर्चा, एकेकट्याच्या बैठका, घरच्यांबरोबरच्या दोन बैठका यांत गेले. तलफेबद्दल शिकलेली एक गोष्ट रोज वापरते: ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ जागा बदलायची, कुणाशी तरी बोलायचं.

औषधाबाबत डॉक्टरांनी तीन पर्याय समजावले. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड असा जोराचा त्रास होतो. ते रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. कुणाच्याही नकळत त्याच्या जेवणात मिसळू नका, ते जिवावर बेतू शकतं. नॅलट्रेक्सोनने पिण्यातली मजा कमी होते. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची बेचैनी कमी करायला मदत करतं आणि ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. माझं यकृत आधीच दमलेलं होतं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं, म्हणून अकॅम्प्रोसेट ठरलं. दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या. दुपारची विसरायला होते, मोबाईलवर गजर लावा.

तिसऱ्या आठवड्यात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला नेलं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना मदत करायला सुरू केलेलं हे काम. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या सभेत मी बोलले नाही, चौथ्यात बोलले. नवरा आता अल-अनॉनला जातो, ते घरच्यांसाठी असतं.

९ मार्चला घरी आले. मुलीने दोन्ही स्टीलच्या बाटल्या कपाटात मागे सारून नव्या दोन आणायला लावल्या होत्या, एक निळी, एक पिवळी.

पुढचे महिने सगळे सरळ गेले नाहीत. एप्रिलमध्ये विनाकारण रडू यायचं, झोप तुटक होती. सुरुवातीचे काही महिने असं होऊ शकतं हे माहीत होतं म्हणून घाबरले नाही. ४ जूनला एका निरोप समारंभात हातात ग्लास आला आणि मी तो प्यायले. मग दुसरा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, रात्री ताईला फोन केला, सकाळी सभेला गेले. तरी १३ जूनची तपासणी टाळावी असं नऊही दिवस वाटत होतं.

गेले. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. सिस्टरनी वजन, रक्तदाब लिहिला आणि पान उलटून विचारलं, “मागच्या भेटीनंतर किती घेतली?”

“एकदाच. ४ जूनला. दोन पेग, मोठे.”

त्यांनी तारीख लिहिली, त्यापुढे १२० मिली लिहिलं, आणि म्हणाल्या, “डॉक्टर पाच मिनिटांत बोलावतील. बसा.”